डॅशबोर्डवर लाल दिवा लागला? ‘गाडी तर चालतेय ना’ म्हणू नका. कोणता दिवा काय सांगतो, कधी थांबायचं, वाचा सविस्तर

पिंपळनेर : चैत्रात सप्तशृंगी गडावर निघालेल्या खान्देशातल्या गाड्या पिंपळनेर सोडलं की शेलबारी घाटाला लागतात. पुढे ताहाराबाद, सटाणा, कळवण आणि मग नांदुरीचा घाट. याच रस्त्यावर काही वर्षांपूर्वी आमच्या काकांच्या गाडीचं इंजिन बसलं.

घाटात एका वळणावर रस्त्यात मोठा दगड होता. आधी कुणाचा तरी ट्रक तिथे बंद पडला असावा. चाकाला लावलेला दगड तसाच टाकून ट्रक निघून गेला होता. आमच्या गाडीचं ऑइल चेंबर त्यावर आदळलं. आवाज झाला, गाडी जराशी हलली आणि पुढे निघाली. दोन-तीन मिनिटांनी डॅशबोर्डवर झारीसारखं लाल चित्र पेटलं. कुणीतरी विचारलं, ‘हा कसला दिवा?’ काका म्हणाले, ‘गाडी त चाली राहिनी ना! ताहाराबादले दखाडू.’

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. इंजिनाच्या आकृत्या पाठ होत्या, पण त्या दिव्याचा अर्थ मलाही सांगता आला नाही. ताहाराबाद यायच्या आधीच इंजिनातून खडखड आवाज आला आणि गाडी बंद पडली. मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, ‘दिवा लागला तेव्हाच बंद केली असती, तर फक्त चेंबर बदलावं लागलं असतं.’ काही हजारांत सुटणारं काम इंजिन खोलण्यावर गेलं.

गाडी चालते आहे म्हणजे ती ठीक आहे, असं आपण धरून चालतो. डॅशबोर्डवरचे दिवे नेमकं याच्या उलट काम करतात. गाडी चालत असतानाच, बंद पडण्याच्या आधी, ते सांगतात. ही भाषा समजायला इंजिनीअर असण्याची गरज नाही. चला, एकेक दिवा समजून घेऊया.

आधी रंग पाहा, मग चित्र

गाडी कोणत्याही कंपनीची असो, डॅशबोर्डवरची बहुतेक चित्रं सारखीच दिसतात. कारण ही चिन्हं आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली आहेत. रंगांचाही अर्थ ठरलेला आहे.

लाल : धोका. सुरक्षित जागा बघून थांबा, मग विचार करा.

पिवळा किंवा नारिंगी : काहीतरी बिघडलंय किंवा लक्ष द्यायला हवं. गाडी सहसा चालवता येते, पण तपासणी टाळू नका.

हिरवा आणि निळा : फक्त माहिती. इंडिकेटर, लाइट सुरू आहेत, हाय बीम लागला आहे, वगैरे.

घाटात चित्र ओळखू आलं नाही तरी रंग ओळखता येतो. तेवढ्यावरच पहिला निर्णय घ्या.

चावी फिरवल्यावर सगळे दिवे का लागतात?

अनेकांना वाटतं, सगळे दिवे लागले म्हणजे काहीतरी गडबड आहे. तसं नाही. इंजिन सुरू करण्याआधी चावी ‘ऑन’वर नेली की गाडी आपले दिवे तपासून घेते. एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंदांनी विझतात. ऑइल आणि बॅटरीचे दिवे इंजिन सुरू झाल्यावर विझतात. चेक इंजिनचा दिवाही इंजिन सुरू झाल्यावर जायला हवा.

म्हणजे दोन गोष्टी बघायच्या. लागलेला दिवा विझला का? आणि जो लागायला हवा होता, तो लागला का? दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. जुनी गाडी घेताना तोच महत्त्वाचा ठरतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

हे चार लाल दिवे लागले तर पुढे जाऊ नका

१. ऑइल प्रेशर : झारीसारखं चित्र, टोकाला थेंब

हा दिवा ‘ऑइल बदलायची वेळ झाली’ असं सांगत नाही. इंजिनात ऑइलचा दाब उरलेला नाही, हा त्याचा अर्थ आहे. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात ऑइलचा पातळ थर असतो. ऑइल पंप दाबाने तो टिकवून ठेवतो. दाब गेला की लोखंडावर लोखंड घासतं. इंजिन २,००० आरपीएमवर असेल, तर क्रँक एका सेकंदात ३३ वेळा फिरतो. म्हणजे एका मिनिटात २,००० फेरे, तेही ऑइलविना. इंजिन सीझ व्हायला फार वेळ लागत नाही.

काय करायचं? गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. सपाट जागी काही मिनिटं थांबून डिपस्टिकने ऑइल पाहा. गाडीखाली ऑइल सांडलंय का, तेही बघा. ऑइल कमी असेल आणि गळती नसेल, तर योग्य ग्रेडचं ऑइल टाकून दिवा विझतो का पाहा. ऑइल पुरेसं असूनही दिवा लागलेलाच असेल किंवा खाली गळत असेल, तर गाडी टो करूनच न्या.

२. इंजिनाचं तापमान : पाण्याच्या लाटांवर थर्मामीटर

एप्रिल-मेची दुपार, गाडीत सहा माणसं, एसी सुरू आणि समोर चढ. कूलंट कमी असेल, रेडिएटरचा पंखा बंद असेल किंवा पाइप फुटला असेल, तर तो अशाच वेळी उघडकीस येतो. थांबा, इंजिन बंद करा, अर्धा तास तरी गार होऊ द्या.

दोन चुका कटाक्षाने टाळा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून तोंड-हात भाजतात. दुसरं, तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो. कूलंट नसेल तर इंजिन गार झाल्यावर साधं पाणी टाकून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, पण नंतर योग्य कूलंट भरून घ्या.

थांबायला जागाच नसेल तर? एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सुरू करा. गाडीत उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडेल. हा उपाय फक्त थांबण्याची जागा मिळेपर्यंतचा आहे.

हेच चित्र निळ्या रंगात दिसलं, तर घाबरू नका. इंजिन अजून थंड आहे एवढाच त्याचा अर्थ. निळा दिवा जाईपर्यंत जोरात रेस करू नका.

३. ब्रेक : वर्तुळात उद्गारचिन्ह

आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का पाहा. तो खाली असूनही दिवा लागला असेल, तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. त्याची कारणं दोन : पॅड झिजून ऑइलची पातळी खाली गेली, किंवा कुठेतरी गळती आहे. ब्रेकचं पेडल मऊ लागत असेल किंवा खालपर्यंत जात असेल, तर गाडी तिथेच उभी ठेवा. या दिव्यासह शेलबारी किंवा कोंडाईबारीचा घाट उतरायचा प्रयत्न करू नका.

लाल ब्रेकचा दिवा आणि पिवळा एबीएसचा दिवा दोन्ही एकदम लागले, तर पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वाटून देणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते. जोरात ब्रेक मारल्यास मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. अशा वेळीही थांबणंच शहाणपणाचं.

४. बॅटरी : चौकोनी डबा, अधिक-उणे चिन्हं

दिवा बॅटरीचा असला तरी दोष बहुतेकदा चार्जिंगचा असतो. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नाही आणि गाडी साठवलेल्या विजेवर चालते आहे. काही गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला असेल तर थोड्याच वेळात तापमानाचा दिवाही लागेल. तसं झालं तर लगेच थांबा.

तापमान ठीक असेल तर एसी, म्युझिक, मोबाइल चार्जर बंद करा आणि जवळच्या गॅरेजला जा. वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही. रात्र असेल तर प्रवास थांबवा. वीज संपत आली की हेडलाइट मंद होतात, आणि घाटात अंधारात उभी राहणारी गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही.

पिवळे दिवे : चालवा, पण विसरू नका

चेक इंजिन : इंजिनाच्या आकाराचं चित्र. सर्वाधिक गोंधळ याच दिव्याचा. गाडीचा संगणक इंजिनाच्या आणि धुराच्या यंत्रणेवर सतत लक्ष ठेवतो. काही चुकलं की तो कोड साठवतो आणि हा दिवा लावतो. या यंत्रणेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून तिची पहिली आवृत्ती लागू केली. १९९६ पासून ओबीडी-२ तिथल्या सगळ्या नव्या कारना बंधनकारक झालं. भारतात बीएस-४ नियमांसोबत एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आलं.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर एक-दोन दिवसांत तपासून घ्या. कारण ऑक्सिजन सेन्सर, इग्निशन कॉइल, यांपैकी काहीही असू शकतं. आपल्याकडे एक कारण हमखास सापडतं, ते म्हणजे उंदीर. कांदाचाळीजवळ किंवा गोठ्याजवळ उभ्या गाडीच्या वायर उंदीर कुरतडतात. बोनेट उघडून आधी तेवढं बघा.

दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ सहसा असा, की एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो महागडा भाग खराब होतो. वेग कमी करा, इंजिनावर जोर देऊ नका, सुरक्षित जागी थांबून मेकॅनिकला बोलवा. रंग पिवळा असला तरी लुकलुकणारा चेक इंजिन दिवा लालच समजा.

एबीएस : वर्तुळात एबीएस ही अक्षरं. हा एकटाच लागला असेल तर साधे ब्रेक काम करतात. पण जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा बंद आहे. ओल्या रस्त्यावर अंतर वाढवून, सावकाश चालवा.

एअरबॅग : बसलेला माणूस, समोर गोळा. हा दिवा काही गाड्यांत लाल, काहींत पिवळा असतो. दिवा जात नसेल तर अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. सीटखालची वायर सैल होणं हे नेहमीचं कारण. सीट पुढे-मागे करताना किंवा सीटखाली पिशव्या कोंबताना ती निघते. पण स्वतः किंवा रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये टेस्ट लॅम्प लावून तिच्याशी खेळू नका, एअरबॅग अचानक उघडू शकते. हे काम सर्व्हिस सेंटरचं.

टायर प्रेशर : घोड्याच्या नालेसारखं चित्र, मध्ये उद्गारचिन्ह. एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे. थांबून चारही टायर नजरेने पाहा. हवा किती हवी, हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. हवा टायर थंड असताना मोजा.

स्टिअरिंग : स्टिअरिंगचं चित्र, बाजूला उद्गारचिन्ह. पॉवर स्टिअरिंगमध्ये बिघाड. स्टिअरिंग अचानक जड होऊ शकतं. घाटातल्या वळणांवर हे जोखमीचं आहे. हा दिवा लाल असेल तर पुढे जाऊ नका.

डिझेल गाडी असेल तर हे तीन दिवे खास तुमच्यासाठी

ग्लो प्लग : स्प्रिंगसारखी गुंडाळी. थंडीत सकाळी चावी ऑन केली की हा लागतो. तो विझल्यावरच सेल्फ मारा. गाडी चालत असताना लुकलुकला तर तपासणी करून घ्या.

डिझेलमध्ये पाणी : फिल्टरच्या चित्राखाली पाण्याच्या लाटा किंवा थेंब. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचलं आहे. ते लवकर काढलं नाही तर पंप आणि इंजेक्टर खराब होतात, आणि इंजेक्टरचं काम स्वस्त नसतं.

डीपीएफ : डबीसारखं चित्र, आत ठिपके. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल कारमध्ये धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर आला. साचलेली काजळी फिल्टर स्वतःच जाळतो, पण त्यासाठी ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. घर ते शेत, शेत ते बाजार अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तापमान येत नाही. म्हणून गाडी थोडीच चालूनही हा दिवा लागतो.

उपाय सोपा आहे. साक्रीजवळ नागपूर-सुरत महामार्गाला लागा आणि एकसारख्या वेगाने १५-२० मिनिटं, गरज पडल्यास जास्त वेळ, गाडी चालवा. नेमका वेग तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. दिवा विझेपर्यंत मध्येच गाडी बंद करू नका. दुर्लक्ष केलं तर गाडीची ताकद कमी होते आणि फिल्टर सर्व्हिस सेंटरमध्येच साफ करावा किंवा बदलावा लागतो. ‘फिल्टरच काढून टाकू’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्रदूषण नियमांनुसार तो गाडीत असणं आवश्यक आहे.

जुनी गाडी घेताय? आधी दिवे मोजा

धुळे, मालेगाव, नाशिकला जाऊन जुनी गाडी घेणारे आपण टायर, पेंट, किलोमीटर बघतो. इंजिन सुरू करण्याआधी अर्धा मिनिट डॅशबोर्डकडेही बघा.

चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर दोन शक्यता : त्या मॉडेलमध्ये एअरबॅगच नाही, किंवा दिवा मुद्दाम बंद केला आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक आहेत. त्यानंतर तयार झालेल्या गाडीत हा दिवा दिसायलाच हवा. अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा बसवण्याचा खर्च वाचवायला काही जण दिवाच काढतात किंवा दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडतात. एअरबॅगचा दिवा ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्यासोबत त्याच क्षणी विझत असेल, तर शंका घ्या.

चेक इंजिनचा दिवाही स्कॅनरने कोड पुसून तात्पुरता घालवता येतो. कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या संगणकातल्या अनेक स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात. व्यवहाराआधी ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या.

मोबाइलवर कोड वाचता येतो का?

येतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइल अ‍ॅपवर कोड दिसतो. उदाहरणार्थ, पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी-०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय.

पण कोड दिशा दाखवतो, बदलायचा पार्ट सांगत नाही. मिसफायरचं कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कुरतडलेली वायर यांपैकी काहीही असू शकतं. कोड पुसला की दुरुस्ती झाली, असंही नाही. पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा आणि तो मेकॅनिकला दाखवा.

घाटात दिवा लागला तर : हे आठ टप्पे लक्षात ठेवा

१. घाबरून जोरात ब्रेक मारू नका. हॅझार्ड लाइट लावा.
२. वळणावर नाही, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशा जागी डाव्या कडेला थांबा.
३. दिवा लाल असेल तर इंजिन बंद. फक्त बॅटरीचा असेल आणि जागा धोक्याची असेल, तर सुरक्षित जागेपर्यंत जा.
४. सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा.
५. गाडीच्या बऱ्याच मागे वॉर्निंग ट्रँगल ठेवा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा.
६. डॅशबोर्डचा फोटो काढा. मेकॅनिकला फोनवर ‘काहीतरी लाल लागलंय’ सांगण्यापेक्षा फोटो पाठवा. त्यामुळे तो योग्य सामान घेऊन निघेल. पिंपळनेरहून धुळे सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. चुकीचा पार्ट आणला तर दिवस जातो.
७. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कोणत्याही आणीबाणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर फोनमध्ये ठेवा.
८. पुस्तिका गाडीतच असू द्या. दिव्यांची पानं आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. घाटात नेटवर्क मिळेलच असं नाही.

काकांची गाडी दुरुस्त झाली आणि पुढच्या चैत्रात पुन्हा गडावर गेलीही. आता चावी फिरवली की काका आधी डॅशबोर्डकडे बघतात, सगळे दिवे विझले की मगच गिअर टाकतात. घाटात थांबावं लागलं, तर निघताना ते आणखी एक काम न चुकता करतात. तुम्हीही करा. चाकाला लावलेला दगड उचलून रस्त्याच्या बाहेर टाका. मागून येणाऱ्या कुणाचं तरी ऑइल चेंबर वाचेल.